वळताना गाडी ‘कट-कट’ करतेय? आधी आवाज ओळखा, मग बिल द्या

विश्लेषण | तालुका प्रतिनिधी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला आणि माढा, मोहोळ, करमाळ्याकडचे कितीतरी रस्ते उखडले. त्यामागोमाग ऊस वाहतूक सुरू झाली. डबल ट्रॉलीच्या ओझ्यानं उरलंसुरलं डांबरही गेलं. त्याचा मार बसतो गाडीच्या पुढच्या चाकांना. म्हणून वळण घेताना ‘कट-कट’, ‘टण्ण’, ‘कर्रर्र’ असे आवाज येण्याची तक्रार गावोगाव ऐकू येतेय.

आवाज सगळे सारखे नसतात. काहींवर महिनाभर थांबलं तरी चालतं, काहींवर एक दिवसही थांबू नये. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन जाणारी गाडी हीच, वडापला आणि शाळेच्या पोरांना जाणारीही हीच. त्यामुळं हा फक्त खर्चाचा विषय नाही.

उभ्या गाडीत आवाज येतो का?

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा. एकानं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं, दुसऱ्यानं बाहेरून चाकाजवळ कान द्यावा. स्प्रिंग अडकून एकदम ‘टण्ण’ करून सुटत असेल, तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग गेलंय असं समजा. स्प्रिंगच्या वेढ्यात बोटं घालू नका. स्प्रिंग तुटलेली आहे का, हेही तेव्हाच बघून घ्या.

चालत्या गाडीत येतो का?

मोकळ्या रानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. ‘कट-कट-कट’ येतंय आणि वेगाबरोबर वाढतंय, तर सीव्ही जॉइंट. गॅरेजवाले यालाच एक्सलचं काम म्हणतात. डावीकडं वळताना वाजलं, तर बहुतेक वेळा दोष उजव्या बाजूला असतो. चाकाच्या आतून रबरी बूट बघा. तो फाटून ग्रीस बाहेर उडालं असेल, तर कारण तिथंच आहे. बूट फाटल्या फाटल्या बदलला तर थोडक्यात भागतं. धूळ-चिखल आत गेला की अख्खा जॉइंट बदलावा लागतो.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्विफ्ट, वॅगनआर, अल्टो या गाड्यांना पुढची चाकं ओढतात, म्हणून त्यांना पुढं हा जॉइंट असतो. ईको आणि साधी टू व्हील ड्राइव्ह बोलेरो मागच्या चाकांवर चालते, पुढं हा जॉइंट नसतोच. अशा गाडीला कुणी ‘पुढचा एक्सल गेलाय’ म्हटलं, तर ‘दाखवा’ म्हणा.

खड्ड्यात आणि वळणावर दोन्हीकडं ‘खड-खड’ येत असेल, तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश बघायला सांगा. लिंक रॉड स्वस्त असतो. आधी तो तपासायचा सोडून थेट शॉकअप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. रस्त्यानं जाताना ‘घुंऽऽ’ आवाज येतो आणि वळणावर कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग.

इथं थांबायचं नाही

बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं. टायरॉड एंड सुटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टायरॉड एंडचा संशय. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खेळ सापडला तर गाडी जागेवरच ठेवून मिस्त्रीला बोलवा.

बिलाचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी सस्पेन्शनच्या भागांवर २८ टक्के होता. म्हणजे १००० रुपयांच्या मालावर २८० ऐवजी १८० रुपये कर. पण कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर हे शंभर रुपये कुणाच्या खिशात गेले ते कळत नाही. पक्कं बिल मागा, काढलेला जुना पार्ट ताब्यात घ्या. लोअर आर्म किंवा टायरॉड एंड बदलला की अलाइनमेंट करून घ्या. तालुक्याला सोय नसेल तर सोलापूरला करा, नाहीतर नवे टायर एका बाजूनं खाल्ले जातील.

मूळ दुखणं रस्त्याचं

पार्ट बदलला तरी खड्डा तोच असेल, तर काही महिन्यांत पुन्हा गॅरेज आहेच. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं असतात, त्यावरचे मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची देखभाल काम झाल्यावर ५ वर्षं त्याच ठेकेदारानं करायची असते. रस्त्याच्या तोंडाशी लावलेला फलक वाचा, मुदत शिल्लक आहे का बघा. असेल तर फोटो काढून ‘मेरी सडक’ ॲपवर तक्रार टाका आणि ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. मुदत संपली की तेच काम पुन्हा नव्या निधीची वाट बघत बसतं, आणि तोवर गॅरेजचं बिल आपल्याच खिशातून जातं.