डिझेल वाढलं की गाडी थांबते, हप्ता थांबत नाही

सध्या मोबाइल उघडला की कॅम्परव्हॅनच्या रील्स दिसतात. गाडीतच बेड, गाडीतच शेगडी, मागचं दार उघडलं की समोर समुद्र. खाली कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, ॲव्हरेज किती देते?"

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की, गाडी जेव्हा उभी असते तेव्हा ती किती खाते? हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर अर्टिगा कर्जावर घेऊन भाडी मारणाऱ्या आपल्या गावातल्या पोरांचाही तोच आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण तिथे चाकावरच्या घराचा अनुभव पन्नास वर्षांहून जास्त काळाचा आहे.

तिकडे या गाडीला आरव्ही म्हणतात. एक प्रकार बससारखा, स्वतःच्या इंजिनावर चालणारा. दुसरा म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे ओढायचं चाकांचं घर. मोठी बससारखी आरव्ही लिटरला साधारण तीन-साडेतीन किलोमीटर देते. आपल्या एसटीपेक्षाही कमी. टाकी 80 गॅलनची, म्हणजे सुमारे 300 लिटरची. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर जून 2022 मध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी दर पहिल्यांदाच गॅलनला 5 डॉलरच्या वर गेला. म्हणजे एकदा टाकी फुल्ल केली की 400 डॉलर गेले. तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती, आता आरव्हीचे दिवस संपले.

आता जरा हिशोब करू. समजा एका कुटुंबाची 2,000 मैलांची मोठी सहल आहे आणि गाडी गॅलनला 8 मैल देते. तेल लागणार 250 गॅलन. दर 3 डॉलर असेल तर 750 डॉलर, 5 डॉलर झाला तर 1,250. फरक 500 डॉलरचा. टोचणारा आहे, नाही असं नाही. पण त्याच कुटुंबानं गाडीसाठी एक लाख डॉलरचं कर्ज 15 वर्षांसाठी 5 टक्क्यांनी घेतलं असेल, तर महिन्याचा हप्ता जवळजवळ 790 डॉलर. वर्षाचे साडेनऊ हजार. गाडी फिरो, न फिरो. त्यावर विमा, हिवाळ्यात गाडी उभी करायच्या जागेचं भाडं, टायर, आणि दरवर्षी उतरणारी किंमत.

म्हणून तेल महागलं की आरव्हीवाला लगेच गाडी विकत नाही. तो लांब जायचं सोडून जवळ जातो, रोज जागा बदलण्याऐवजी एकाच ठिकाणी आठ दिवस मुक्काम टाकतो, वेग कमी ठेवतो, जनरेटर कमी चालवतो. सहल आखडते, पण मालकी टिकते. मालकी मोडते ती हप्ता निघेनासा झाला की.

हे मी मनानं सांगत नाही, आकडे बघा. 2007 साली अमेरिकेत आरव्ही कारखान्यांतून साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. जुलै 2008 मध्ये पेट्रोल गॅलनला 4 डॉलरच्या वर गेलं. त्या वर्षी आकडा 2 लाख 37 हजारांवर आला. डिसेंबरपर्यंत पेट्रोल 2 डॉलरच्या खाली उतरलं होतं. मग 2009 मध्ये विक्री वाढायला हवी होती की नाही? उलट गाड्यांचा आकडा पावणेदोन लाखांच्याही खाली गेला. कारण बँका कोसळल्या होत्या, कर्ज मिळत नव्हतं आणि नोकऱ्या गेल्या होत्या. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव या धंद्याची राजधानी. तिथली बेरोजगारी 2009 मध्ये 18 टक्क्यांच्या वर गेली. नवे राष्ट्राध्यक्ष ओबामा पदावर आल्यावर तीन आठवड्यांत तिथे सभा घ्यायला गेले, एवढी वाईट अवस्था होती.

पुढे 2011 ते 2014 पेट्रोल साडेतीन डॉलरच्या आसपास महागच राहिलं, तरी आरव्हीची विक्री दरवर्षी वाढत गेली. कोविडमध्ये लोकांना हॉटेल नको होतं आणि कर्ज स्वस्त होतं, म्हणून 2021 मध्ये विक्रमी 6 लाख गाड्या निघाल्या. 2022 मध्ये तेल भडकलं, पण वर्ष संपेपर्यंत सव्वातीन डॉलरच्या खाली आलंसुद्धा. तरीही 2023 चा आकडा जवळपास 3 लाख 13 हजार, दोन वर्षांत निम्मा. ज्यांना घ्यायची होती त्यांनी आधीच घेतली होती हे एक कारण. पण दुसरं मोठं कारण व्याज. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं मार्च 2022 मध्ये शून्याजवळ असलेला दर दीड वर्षाच्या आत 5 टक्क्यांच्या वर नेला. वरच्या उदाहरणातलंच एक लाखाचं कर्ज 5 ऐवजी 8 टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता महिन्याला 165 डॉलरनं वाढतो. वर्षाचे जवळपास 2,000. तेलाच्या दरवाढीनं एका मोठ्या सहलीला लागलेल्या फटक्याच्या चौपट.

म्हणजे तेलाचा काहीच त्रास नाही का? आहे. पण कुणाला, ते बघायला पाहिजे. तिथे हजारो लोकांचं आरव्ही हेच घर आहे. त्यातले बरेच निवृत्तीच्या वयाचे, घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहायला आलेले. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडवर साफसफाई, शरद ऋतूत नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटात शुगर बीटची काढणी, थंडीत ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम. 'नोमॅडलँड' हा ऑस्कर मिळालेला सिनेमा याच लोकांवर आहे. यांना तेल महागलं म्हणून सहल रद्द करता येत नाही, कारण तो प्रवास म्हणजे कामावर जाणं आहे. हौशी माणसासाठी तेलाचा दर म्हणजे सुट्टीचा खर्च. गाडीवर पोट असलेल्यासाठी तो थेट पगारातली कपात असते.

आता आपल्याकडे या.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क, दोन्हींसाठी सवलती ठेवल्या. कल्पना चांगली आहे. पण माझं मत स्पष्ट आहे. हौसेसाठी कर्ज काढून कॅम्परव्हॅन घेऊ नका. वर्षात आपल्याला सुट्ट्या किती? पावसाळ्याचे चार महिने सोडा, मुलांच्या परीक्षा सोडा, घरचे सणवार सोडा, हातात पंचवीस-तीस दिवस उरतात. उरलेले 335 दिवस ती गाडी दारात उभी राहून हप्ता खाणार. दोन-तीन वेळा भाड्यानं घेऊन फिरा, मग ठरवा. ॲव्हरेज विचारणाऱ्यांनी वापराचे दिवस आधी मोजावेत.

पण मला खरी काळजी आहे ती पर्यटक गाडीवाल्यांची. आपल्याकडचा खरा 'आरव्हीवाला' तोच. त्याची गाडी त्याचं घर नाही, पण घर त्या गाडीवर चालतं. आणि त्याला दोन्ही बाजूंनी मार बसतो. हप्ता अमेरिकन हौशी माणसासारखा आणि तेलाचा फटका नोमॅडलँडमधल्या म्हाताऱ्यांसारखा.

त्याचा हिशोब मांडू. मार्च 2020 मध्ये मुंबईत डिझेल 65-66 रुपये होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये ते 100 च्या पार गेलं. ट्रॅव्हलर एसी लावून लिटरला 10 किलोमीटर देते असं धरा आणि महिन्याला 3,000 किलोमीटर भाडं धरा. 300 लिटर डिझेल. लिटरमागे 34 रुपये वाढले, म्हणजे महिन्याला 10,200 रुपये जास्त. किलोमीटरचा दर मात्र दोन-चार रुपयांनी वाढवायचा म्हटला तरी गिऱ्हाईक म्हणतं, "अरे, शेजारचा कमीत जातोय की!" लॉकडाऊनमध्ये सहा महिने हप्ता पुढे ढकलायची सवलत मिळाली होती, पण व्याज चालूच होतं. काही जणांनी सीएनजीची वाट धरली. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईत सीएनजीही किलोला 86 रुपयांवर गेला.

इथे आपल्यात आणि अमेरिकेत एक मोठा फरक आहे. तिकडे दर चढला तसा सहा महिन्यांत उतरलाही, त्यामुळे थांबून वाट बघता आली. आपल्याकडे मे 2020 मध्ये कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा केंद्रानं एका रात्रीत उत्पादन शुल्क पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई पंपापर्यंत पोचलीच नाही. पुढे नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये केंद्रानं शुल्क कमी केलं, जुलै 2022 मध्ये राज्यानंही व्हॅट उतरवला, हेही सांगायला हवं. पण त्यानंतर मुंबईत पेट्रोल 106 रुपये 31 पैशांवर जे बसलं, ते मार्च 2024 पर्यंत हललं नाही. मधल्या काळात कच्चं तेल बरंच खाली आलं होतं. आधी झालेला तोटा तेल कंपन्यांनी भरून काढला असेल, मान्य. पण 2023-24 मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांना विक्रमी नफा झाला आणि गाडीवाल्याचा तोटा कुणी भरून दिला नाही.

आता यावर उपाय काय? "दर कमी करा" ही मागणी सगळेच करतात, मीही करतो. पण मला त्याहून सोपी आणि आपल्या हातातली गोष्ट सुचवायची आहे. भाड्याचा दर डिझेलच्या दराला बांधा.

एसटीनं ऑक्टोबर 2021 मध्ये भाडं 17 टक्क्यांनी वाढवलं, डिझेल हे त्यातलं मोठं कारण. रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचा आढावा घ्यायला समितीचं सूत्र आहे, परिवहन प्राधिकरण आहे. अमेरिकेतल्या मालवाहतुकीत करारातच इंधन अधिभाराचं कलम असतं आणि सरकार दर आठवड्याला जो डिझेलचा सरासरी दर जाहीर करतं त्याच्याशी ते जोडलेलं असतं. फक्त आपला पर्यटक गाडीवाला, शाळेची व्हॅन चालवणारा आणि सरकारी कार्यालयाला भाड्यानं गाडी लावणारा यांच्या पाठीशी असं काहीच नाही. वर्ष वर्ष एकच दर, आणि मधली सगळी वाढ त्याच्या खिशातून.

करायचं काय ते साधं आहे. भाडं ठरवताना एक ओळ लिहा, "हा दर डिझेल अमुक रुपये धरून आहे. त्यात 5 रुपयांपेक्षा जास्त फरक पडला तर किलोमीटरमागे 50 पैसे वाढतील किंवा कमी होतील." लिटरला 10 किलोमीटर धरले की 5 रुपयांचे बरोबर 50 पैसेच होतात. यात गिऱ्हाइकाची फसवणूक नाही, कारण दर उतरला तर त्यालाही सूट मिळते. 2017 पासून पंपावरचा दर रोज जाहीर होतो, तेव्हा भांडायचंही कारण नाही. तालुक्यातल्या चालक-मालक संघटनांनी हे एकत्र ठरवलं तर शेजारचा कमीत जायचा प्रश्न बराचसा सुटेल. आणि सरकारी कार्यालयांनी, शाळांनी, कंपन्यांनी आपल्या करारात हे कलम घालावं, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे लेखी करायला पाहिजे. सरकार रस्त्याच्या ठेकेदाराला डांबर-सिमेंट महागल्यावर भाववाढ देतं. मग गाडीवाल्यानं काय पाप केलंय?

काही जण म्हणतील, परवडत नसेल तर धंदा करू नये. अहो, तो करतोय म्हणून तर आपल्या आईवडिलांचं अष्टविनायक होतं, लग्नाचं वऱ्हाड वेळेवर पोचतं आणि कोकणातल्या घरगुती खानावळी चालतात. तो बुडाला की त्याची गाडी कर्जवसुलीवाले घेऊन जातात, आणि आपल्याला पुढच्या भाड्याला जास्त पैसे देऊन बाहेरची गाडी बोलवावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी ठरवताना आधी त्या दिवसाचा डिझेलचा दर बघा आणि मग घासाघीस करा. आणि तुमची स्वतःची भाड्याची गाडी असेल, तर महिन्याचा हप्ता भागायला गाडी किती दिवस पळावी लागते तो आकडा कमेंटमध्ये लिहा. तालुक्यातले पन्नासेक आकडे जमले तर निवेदन तयार करून तहसील कार्यालयात आणि आमदारांकडे आपणच घेऊन जाऊ.