अबोल चित्रांची भाषा

शब्दांवाचून गोष्ट सांगता येत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. मुंबईच्या गीतांजली राव यांनी २००६ साली 'प्रिंटेड रेनबो' या १५ मिनिटांच्या चित्रपटाने तो खोटा ठरविला. त्यातील चित्रे त्यांनी स्वतःच रेखाटली.

शहरातील एका घरात एक वृद्ध स्त्री मांजरासह एकटीच राहते. तिचे जग करडे, निस्तेज आहे. पण काड्यापेट्यांवरील चित्रांत ती शिरली, की सारे काही रंगांनी उजळते. कोणी एक शब्दही बोलत नाही. सोबतीला असते ते संगीत.

'ती काय म्हणाली?' असे शेजाऱ्यास विचारण्याची येथे सोयच नाही. तिच्या हालचालींतून आणि पालटत्या रंगांतून तिचे मन प्रेक्षकाने स्वतःच ओळखावयाचे. संवाद असते, तर तिचा एकाकीपणा नुसता कानांवर पडला असता. आता तो अंतःकरणाला भिडतो. फ्रान्समधील कान महोत्सवातही या चित्रपटास पारितोषिके मिळाली. भाषांतराची गरज कोणासच पडली नाही.

बोरिवली-मुलुंडच्या उंच इमारतींतही अशी बंद दारे असतात. पडद्यावरचे अबोल दुःख ज्याला वाचता आले, त्याने शेजारच्या आजींचे मौनही वाचावे. तरच ते पाहणे सार्थकी लागले, असे म्हणता येईल.