मानांकन मिळालं, गिऱ्हाईक कुठाय?

मिरजकरांनो, २०२४ ला आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण पोस्टी टाकल्या, हार घातले. पुढं काय?

मिरज म्हणजे आदिलशाहीपासून मोक्याचा भुईकोट. किल्ला आला की शस्त्रं आली, शस्त्रांमागं शिकलगार. तलवारींचं काम आटलं तसं १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी हात तंतुवाद्यांकडं वळवला. ही गोष्ट आपण प्रत्येक स्टेजवर सांगतो.

पण जवारी लावताना कधी बघितलंय? घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, परत कानस. केसभर जास्त घासलं की आवाज बसला! हा हात एका पिढीत तयार होत नाही, आणि कारागिराच्या पोराला पोट भरता आलं नाही तर तो हात तिथंच संपतो.

आणि आपण? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात मोबाईलवर तंबोरा लावून गाणं शिकतो.

माझी मागणी एकच. महापालिकेनं आपल्या प्रत्येक शाळेसाठी सतारमेकर गल्लीतून एक तंबोरा रोख विकत घ्यावा. मंडळांनीही घ्यावा. सत्काराच्या शाली-नारळाचे पैसे त्यात घाला, आमची काही तक्रार नाही.