विसापुरास पाठविलेल्यांची पोच

शिर्डीच्या किंवा कोपरगावच्या पेठेतील एखादा व्यापारी पन्नास गोणी माल परगावी रवाना करितो तेव्हा तो काय करितो, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. तो बिल्टी जपून ठेवितो. माल पोचल्याची वर्दी येईपर्यंत त्याचा जीव भांड्यात पडत नाही. आणि त्यांतील चार गोणी वाटेत नासल्या असे कळले तर आडत्यास, गाडीवाल्यास व हमालासही जाब विचारल्यावाचून तो राहत नाही. २०२५ च्या एप्रिल महिन्यात शिर्डीहून सुमारे पन्नास माणसे अशीच रवाना करण्यात आली. त्यांतील चौघे काही दिवसांतच मरण पावले. त्यांची पोच शिर्डीतून कोणी मागितली?

हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. पोलीस, नगरपरिषद व साईबाबा संस्थान यांनी मिळून गावातील भिक्षेकऱ्यांची धरपकड केली, आणि न्यायालयाच्या हुकुमाने त्यांची रवानगी श्रीगोंदे तालुक्यातील विसापूर येथील भिक्षेकरीगृहात झाली. शिर्डीपासून हे ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. तेथे कित्येकांची प्रकृती बिघडली, त्यांस अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलविले, व चौघे दगावले. त्यांस बांधून ठेविले, अन्नपाणी मिळाले नाही, असा आप्तांचा आरोप. ते मूळचेच आजारी व व्यसनाधीन होते, असे अधिकारीपक्षाचे सांगणे. यांतील खरे किती हे ठरविणे चौकशीचे काम आहे, आमचे नव्हे. आम्हांस इतकेच विचारावयाचे आहे की, माणसे मूळचीच आजारी होती, तर गाडीत घालण्यापूर्वी त्यांस डॉक्टराने तपासावयास नको होते काय? अधिकारीपक्षाचे म्हणणे अक्षरशः खरे मानिले तर दोष कमी होत नाही, उलट तो विसापुरावरून उचलून थेट शिर्डीच्या वेशीशी आणून ठेविला जातो.

व्यापारीवर्गाची बाजू आम्हांस कळत नाही असे नाही. दर्शनास आलेल्या बायाबापड्यांच्या मागे लागणारे, दारू पिऊन दुकानाच्या पायरीवर लोळणारे, प्रसंगी अंगावर धावून जाणारे लोक गावात नाहीत असे म्हणणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय. २०२५ च्या फेब्रुवारीत संस्थानच्या दोघा नोकरांचे खून झाले, तेव्हा सारे गाव हादरले आणि बंदोबस्ताची ओरड झाली. ती अगदी साहजिक होती. परंतु गुन्हेगारास धरावयाचे ते गुन्ह्यासाठी. ज्याचा अपराध एवढाच की तो म्हातारा आहे, पांगळा आहे, किंवा त्याच्या मुलांनी त्यास गाडीतून येथे आणून सोडिले आहे, तो व चाकू बाळगणारा गुंड हे दोघे एकाच पिंजऱ्याच्या मोटारीत बसविणे याला बंदोबस्त म्हणत नाहीत, झाडलोट म्हणतात.

कायद्याचीच दृष्टी येथे आंधळी आहे. १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अद्याप चालू आहे. त्यान्वये निर्वाहाचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हीही भीक ठरू शकते, आणि पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे डांबून ठेविण्याचा हुकूम होऊ शकतो. हाच कायदा दिल्लीस लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील बहुतेक कलमे घटनाविरोधी ठरवून रद्द केली. आता गंमत पाहा. ज्या फकिराच्या नावावर शिर्डीची प्रत्येक खाणावळ, लॉज आणि हारफुलांची टोपली चालते, तो १९१८ पर्यंत याच गावात पाच घरी झोळी घेऊन उभा राहत असे. पुण्यतिथीच्या उत्सवात आजही भिक्षाझोळी काढितात व गावकरी ती आनंदाने भरितात. सुदैव इतकेच की १९५९ चा कायदा तेव्हा झालेला नव्हता. नाहीतर पाचव्या घरापर्यंत पोचण्यापूर्वीच बाबांस राहात्याच्या रस्त्यास लावण्यात आले असते.

मुख्य अडचण आम्हांस दिसते ती ही की, या सर्व व्यवहारात माणूस धरणारे हात अनेक आणि त्यास सांभाळणारा हात नेमका कोणाचा, याचा पत्ता नाही. धरतात पोलीस; मदतीस नगरपरिषदेची माणसे; हुकूम न्यायालयाचा; भिक्षेकरीगृह महिला व बालविकास खात्याचे; रुग्णालय आरोग्य खात्याचे. प्रत्येकाने आपल्यापुरता कागद पुरा केला की फाईल पुढे जाते, आणि माणूस मागे राहतो. भिक्षेकरीगृहात काम करणाऱ्यांस १९६४ पासून महिन्यास ५ रुपये मिळत होते. ते रोज ४० रुपये करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला तोही याच २०२५ च्या एप्रिलात! साठ वर्षे हा आकडा कोणाच्याच डोळ्यांस खुपला नाही, यावरून या गृहांत आजवर कोण किती वेळा डोकावले असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

सुदैवाने सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सप्टेंबरात याविषयी स्पष्ट निर्णय दिला आहे. तो खटला होता दिल्लीच्या लामपूर येथील भिक्षेकरीगृहाचा. तेथे २००० साली दूषित पाण्याने रोग पसरून माणसे मेली होती. पंचवीस वर्षांनी का होईना, न्यायालयाने सांगितले की अशी गृहे ही सरकारची मेहेरबानी नसून राज्यघटनेने सोपविलेली ठेव आहे. आत घेतल्यापासून २४ तासांच्या आत प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी, पुढे दरमहा तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यात देखरेख समिती व तीत सरकारबाहेरची माणसे, मुलांस तेथे मुळीच न ठेविता बालकल्याणाच्या संस्थांकडे पाठविणे, आणि हयगयीने मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई व जबाबदार इसमांवर कारवाई, हे सर्व त्यात आहे. राज्यांस अंमलबजावणीसाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. शिर्डीच्या चौघांस हा निर्णय पाच महिने उशिरा मिळाला.

"विसापूर आमच्या हद्दीत नाही, ते खाते आमचे नाही," असे नगरपरिषदेकडून उत्तर येईल. ते आम्हांस मान्य नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जे बारावे परिशिष्ट जोडले, त्यात नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या कामांत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण व शहरी दारिद्र्याचे निवारण ही दोन्ही कामे नमूद आहेत. नगरपरिषदेच्या कायद्यात महिला व बालकल्याण समितीची तरतूद आहे. ती समिती म्हणजे शिवणयंत्रे वाटण्याची पेढी नव्हे. आणि कायदा बाजूस ठेविला तरी, धरपकडीच्या वेळी ज्यांची माणसे हजर होती त्यांस सुटकेच्या व मरणाच्या वेळी हद्द आठवावी, हे शोभत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार त्या काळी प्रशासकांच्या हाती होता. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. आता प्रश्न विचारण्यास लोकांनी निवडलेले सभासद आहेत, म्हणून आम्ही हे त्यांच्यापुढे मांडीत आहो.

त्यांनी एक नोंदवही ठेवावी. रस्त्यावरून उचललेल्या प्रत्येक माणसाचे नाव, वय, गाव, आजार, कोणी तपासले, कोठे पाठविले, आणि एक महिन्याने तो कोठे आहे, एवढे तीत असावे. ही वही आणखी एका कामी येईल. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे शिर्डीत नाहीशा झालेल्या माणसांचा प्रश्न आला. एका वर्षात ८८ हून अधिक माणसे येथून बेपत्ता झाल्याची गोष्ट तेथे पुढे आली, आणि मनुष्यविक्रीचाही संशय धरून तपास करण्यास पोलिसांस सांगण्यात आले. पदपथावर पडलेली जी वेडसर बाई आपण चुकवून जातो, ती इंदूरच्या किंवा विजयवाड्याच्या एखाद्या घरात रोज आठविली जात असेल. तिला नाव-गाव न विचारता विसापुरास धाडणे म्हणजे हरवलेल्यास दुसऱ्यांदा हरवणे होय. नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य अशाच निराधार, मनोरुग्ण स्त्रियांस घरी आणून सांभाळीत आले आहे. जिल्ह्याबाहेर उदाहरण शोधावयास जाण्याची गरज नाही.

पैशाची सबब आम्ही ऐकणार नाही. २०११ च्या शिरगणतीत शिर्डीची वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास भरली. पण येथील पेढ्या, लॉज व टॅक्सीवाले त्या छत्तीस हजारांवर जगत नाहीत, ते यात्रेकरूंवर जगतात. यात्रा लाभ आणिते तशी अनाथही आणिते. पंढरपुरासही हाच अनुभव आला होता, आणि तेथे १८७५ साली न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला व तो प्रार्थनासमाजाने चालविला. ही मुले बाहेरगावची, आम्हांस काय त्यांचे, असे म्हणून ते थांबले नाहीत. केंद्र सरकारच्या 'स्माईल' नामक योजनेत भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी तीर्थक्षेत्रे निवडली गेली, त्यात शेजारचे त्र्यंबकेश्वर आहे. शिर्डीत तर संस्थानची स्वतःची रुग्णालये आहेत. धरलेल्या माणसास प्रथम तेथे नेऊन तपासण्यास फार तर अर्धा दिवस जाईल.

तूर्त सभासदांनी पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर दोन विषय घ्यावे. चौघांच्या मृत्यूविषयी जे काही चौकशीचे कागद असतील ते मागवून सभेपुढे ठेविणे, हा पहिला. आणि उरलेल्यांपैकी किती अद्याप विसापुरास आहेत, किती सुटले व सुटून कोठे गेले, हे समक्ष जाऊन पाहण्यासाठी महिला व बालकल्याण समितीचे सभासद व एक डॉक्टर यांस पाठविणे, हा दुसरा. जाण्यायेण्याचा खर्च एका मोटारीच्या डिझेलाचा आहे. त्यांनी काय पाहिले ते आम्ही या पत्रात छापू.