चौकट उतरवण्याआधी

वाई, फलटण, तासगावकडे जुना वाडा पाडला की माती गावात राहते आणि सागवानी चौकट टेंपोत चढते. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरात खचलेली मातीची घरं आठवा. अडलेल्या माणसाला व्यापारी घनफुटाचा भाव सांगतो. गणेशपट्टी, कमळं, पितळी कड्या यांचे पैसे धरत नाही. तोच दरवाजा शहरात हॉटेलच्या भिंतीला नक्षीच्या भावाने जातो. लाकूड आपलं आणि नक्षी त्याची, हा कुठला हिशेब?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार इमारतीतून काढलेली शंभर वर्षांपूर्वीची वस्तूही पुरावशेष ठरते. खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, तिच्या व्यापाराला परवाना लागतो. तो बघायला मागा. वाडा सामाईक असेल तर भाऊबंदांच्या सह्या आधी घ्या, नाहीतर एका दारापायी कोर्टाची दारं! ग्रामपंचायतीनेही पाडकामाआधी फोटो काढून ठेवावेत.

दार ठेवणार असाल तर ऑइलपेंट फासू नका, नक्षी बुजते. वाळवी उंबऱ्याखालून चढते, तिथली माती उकरून बघा. लाकूड वाळलं की जवसाचं तेल द्या. स्लॅबच्या घरालाही जुनी चौकट बसते, फक्त गवंड्याला माप आधी द्या. जुनी दारं बुटकी असतात.