बयाणा देण्याआधी इंजिनचा नंबर वाचा

खारघर, तळोजे, कळंबोली या पट्ट्यात आपल्या कितीतरी मुलांची रोजी पिकअपवर चालते. पहाटे वाशीच्या बाजार समितीतून फळे-भाजी, दुपारी तळोजा एमआयडीसीतला माल, रविवारी कोणाच्या घराचे सामान. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते. त्यासाठी कुठे अम्मीचे दागिने मोडले जातात, कुठे आखातातल्या भावाची बचत येते, तर कुठे नातेवाईक कर्जे-हसना देतात. असा पैसा जिथे लागतो तिथे घरातल्या सर्वांनीच लक्ष घातले पाहिजे. म्हणून या वेळी आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत: गाडीत खरोखर कोणते इंजिन आहे, हे कसे ओळखावे.

डिझेल इंजिन निकामी झाले की ते पूर्ण खोलून बांधायला मोठा खर्च येतो. मग काही मालक भंगारातून दुसरे इंजिन आणून बसवतात. इंजिन बदलणे हा काही अपराध नाही. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी लागते आणि नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. पुष्कळजण हे टाळतात. त्याचा त्रास पुढच्या मालकाला होतो. गाडी नावावर करताना काम अडते, अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीतले निघाले तर पोलिसांची पहिली विचारपूस ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याच्याकडेच होते.

आता तपासणी. प्रथम मूळ आरसी मागा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की इंधन, नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा ही माहिती दिसते. पण इंजिन व चेसिस नंबरचे काही आकडे झाकलेले असतात. मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका.

मग टॉर्च, जुने फडके आणि थोडे रॉकेल घेऊन गाडीजवळ जा. इंजिनचा नंबर लोखंडी ब्लॉकवर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा तेलकट मळाखाली. तो पुसून काढा. एकाने आरसी हातात धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ब्लॉकवर बोट ठेवून जुळवावे. हे काम अम्मी किंवा बहीणही करू शकते. त्याला मेकॅनिक लागत नाही. चेसिस नंबरही तसाच जुळवा. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. म्हणजे गोल दिसेल ते शून्य, उभी रेघ दिसेल तो एक. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो, तो जपून ठेवा. नंबर घासलेला, वेडावाकडा किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा.

नंबर जुळला तरी एक प्रश्न राहतो. बोलेरो पिकअपमध्ये जुने पंपाचे इंजिन २५२३ सीसीचे आणि नंतरचे कॉमन रेलचेही २५२३ सीसीचेच. आरसीवरचा सीसीचा आकडा पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी बॉनेट उघडून डिझेलच्या बारीक लोखंडी नळ्या पाहा. पंपातूनच चार नळ्या निघून चार इंजेक्टरांना जात असतील तर ते जुन्या पद्धतीचे इंजिन. पंपातून नळी आधी एका आडव्या दांड्यात जाते, दांड्यातून चार नळ्या निघतात आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचा प्लग असतो, तर ते कॉमन रेल. पहिल्याचे काम गल्लीतला जाणता फिटरही करतो. दुसऱ्याला स्कॅनर लागतो आणि भेसळीचे डिझेल त्याला मुळीच सोसत नाही. दोघांच्या किमतीही वेगळ्या. डिझेलवरच्या 'छोटा हाथी'ला, म्हणजे टाटा एसला, दोनच सिलिंडर आणि ७०२ सीसी.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याला एका दलालाने कॉमन रेल सांगून गाडी दाखवली. मुलाने नळ्या मोजल्या, त्या सरळ पंपातून निघत होत्या. ब्लॉकवरचा नंबरही आरसीशी जुळेना. दलाल म्हणाला, "गाडी चालते ना, मग नंबर कशाला बघतोस?" मुलाने सलाम केला आणि घरी आला. दागिने कपाटातच राहिले.

विकणाऱ्या आपल्या बांधवांनाही दोन शब्द. मालातला ऐब झाकून विकू नये, हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवतात. इंजिन बदललेले असेल तर आधी आरसीवर नोंद करून घ्या आणि घेणाऱ्याला तोंडाने सांगा. भाव थोडा कमी येईल. पण घेणाऱ्याच्या मुलांची रोजीही त्याच गाडीवर चालणार आहे.

आणि घेणाऱ्यांनो, विकणारा ओळखीचा असो, नात्यातला असो, नंबर वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. तपासणी केल्याने कोणाचा अपमान होत नाही. दिवसाउजेडी जा, घाई करू नका, आणि घरातल्या एकाला सोबत न्या.