वहीविना माल, सूचीविना संग्रह

चारकोपमधील अनेक घरे जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या लहान भूखंडांवर उभी राहिली. अशा घरांत कपाटाच्या प्रत्येक खणाचा हिशेब असतो. माळ्यावरून आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या, की 'ठेवायच्या कोठे?' हा पहिला प्रश्न पडतो आणि पुष्कळदा त्याचे उत्तर भंगारवाला देतो.

लाख आणि दगडाची भुकटी यांपासून घडवलेल्या या तबकड्या जड आणि ठिसूळ असतात. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. पण जगात उरलेली ती एकमेव प्रत असेल, तर तिच्याबरोबर एक आवाजच नाहीसा होतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. तबकड्या जर्मनीतील हॅनोवर येथे छापल्या जात. गाणे कोणाचे हे तेथील कारागिरांना कळावे, म्हणून त्या काळचे कलावंत शेवटी आपले नाव उच्चारीत. नोंद हरवू नये, ही काळजी आरंभापासूनच होती.

तीच काळजी १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने पुढे नेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून कलावंतांच्या आणि तबकड्यांच्या सूची प्रसिद्ध झाल्या. केवळ जमवणे हा छंद होय. जमवलेल्याची सूची करणे ही पुढच्या पिढीची सेवा होय.

व्यापारी कुटुंबाला हे वेगळे सांगायला नको. गोदाम भरलेले असले, तरी वहीत नोंद नसेल तर वारसाला मालाचे मोल कळत नाही. संग्राहकाच्या पश्चात शेकडो तबकड्या रद्दीच्या भावाने जातात, त्या बहुधा याच कारणाने.

म्हणून घरात तबकड्या असतील, तर त्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. स्पिरिटने पुसू नयेत, कारण त्यात लाख विरघळते. एका वहीत गायकाचे नाव, गीत, कंपनी, लेबलावरील क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक टिपून ठेवावा. आजी-आजोबांना शेजारी बसवून ती तबकडी कोणी, कधी आणली, हेही लिहून घ्यावे. तबकडी पुढे जाणकाराच्या हाती सोपवता येईल. ही माहिती मात्र त्यांच्यानंतर कोणीच सांगू शकणार नाही.